झाशीचा रसिक राजा

झाशीस बदली होऊन आलेला मराठी अधिकारी पहिल्या रविवारी किल्ला पाहतो, दुसऱ्या रविवारी राणीमहाल पाहतो, आणि तिसऱ्या रविवारपासून देशाकडून आलेल्या पाहुण्यांस तीच दोन स्थळे दाखवू लागतो. आम्हीही तेच केले. लक्ष्मी तलावाच्या काठी, महालक्ष्मीच्या देवळाजवळ, राणीसाहेबांनी आपल्या पतीची छत्री बांधविली आहे. तिच्याकडे आमची पावले वळण्यास मात्र पुष्कळ दिवस लागले. त्या छत्रीसमोर उभे असता मनात आले की, ह्या पुरुषाविषयी आपणांस नक्की काय ठाऊक आहे? राणीचा पती, वयाने बराच थोर, स्वभावाने तापट, नाटकांचा छंदी, थोडा विक्षिप्त. एवढ्यात आमची सारी माहिती संपली. ज्या राजाने पंधरा वर्षे राज्य केले, त्याच्या वाट्यास इतिहासाच्या पुस्तकांत बहुधा इतक्याच ओळी येतात. आणि त्या ओळींतही त्याची नाट्याची आवड गुण म्हणून येत नाही, दोष म्हणून येते. हा न्याय आहे काय, एवढाच आमच्यापुढील प्रश्न आहे.

गंगाधरराव नेवाळकर १८३८ साली झाशीच्या गादीवर आले. १८४२ साली झाशीतील गणेशमंदिरात त्यांचा मणिकर्णिकेशी विवाह झाला. ते मंदिर आजही तेथील महाराष्ट्रीय मंडळींचे हक्काचे स्थान आहे. १८५३ च्या नोव्हेंबरच्या २१ तारखेस ते वारले. ह्याच कालखंडात, १८४३ साली, विष्णुदास भाव्यांनी सांगलीस ‘सीतास्वयंवर’ रंगभूमीवर आणिले, आणि मराठी नाटकाचा इतिहास आपण तेथून मोजू लागलो. तिकडे कृष्णेच्या काठी एका मराठी संस्थानिकाच्या आश्रयाने नाटक जन्मास येत असता इकडे बुंदेलखंडात दुसरा मराठी संस्थानिक नाटकांत रमला होता. इतकेच नव्हे, तर परंपरा सांगते त्याप्रमाणे, स्वतः स्त्रीवेष घेऊन रंगमंचावर उतरत होता. सांगलीचे स्मरण आपण दर वर्षी करतो. झाशीचे नाव त्या प्रसंगी कोणी काढीत नाही.

गंगाधररावांच्या वेषाची हकीकत मराठीत वाचकांपर्यंत आली ती मुख्यत्वे विष्णुभट गोडसे यांच्या ‘माझा प्रवास’ ह्या पुस्तकातून. ते सांगतात की, हे राजेसाहेब कधी कधी स्त्रीसारखा पोषाख करीत, दागिने घालीत, वेणी घालीत. दर महिन्यास बायकांप्रमाणे चार दिवस बाजूसही बसत. कोणा इंग्रज अधिकाऱ्याने कारण विचारिले तेव्हा, तुम्हीच आम्हां राजांच्या हाती बांगड्या भरल्या, मग आम्ही दुसरे काय करावे, अशा आशयाचे उत्तर त्यांनी दिले, असेही भटजी लिहितात.

हा मजकूर वाचताना दोन गोष्टी ध्यानात ठेविल्या पाहिजेत. पहिली ही की, वरसईचे हे भिक्षुक झाशीस पोहोचले ते १८५८ साली. राजेसाहेबांस जाऊन तेव्हा चार वर्षे उलटून गेली होती. पुस्तक लिहिले ते १८८३ मध्ये, आणि छापून निघाले १९०७ साली. वेढ्याचे दिवस गोडसे यांनी डोळ्यांनी पाहिले. गंगाधररावांस पाहिले नाही. म्हणजे राणीविषयी ते साक्षीदार आहेत, राजाविषयी ते ऐकीव सांगतात. दुसरी गोष्ट त्या उत्तराची. ते खरे असेल तर ते वेड्याचे नव्हे, कसलेल्या नटाचे उत्तर आहे. ज्याच्या फौजेच्या खर्चापोटी कंपनीने मुलुख तोडून घेतला आणि ज्याच्या दरबारावर कंपनीच्या अधिकाऱ्याची नजर असे, त्याने सारे राज्यच एक सोंग झाले आहे हे सोंग घेऊनच दाखविले, असा त्याचा अर्थ होतो. भटजींनी हा प्रसंग नोंदवून ठेविला, हे आपल्यावर त्यांचे ऋणच आहे. त्याचा अर्थ लावण्याचे काम मात्र आपले होते, आणि ते आपण केले नाही.

ह्याचे एक कारण आपल्या भाषेतच दडलेले आहे. पेशवाईच्या कागदांत ‘नाटकशाळा’ हा शब्द येतो तो वास्तूसाठी नव्हे. पदरी ठेविलेल्या नर्तकीसाठी, रक्षेसाठी येतो. ज्या समाजाने नाट्याचे घर आणि रखेली ह्यांस एकच शब्द पुरविला, त्या समाजाने नाट्यवेड्या राजास गंभीरपणे घ्यावे कसे?

पण सर्वत्र असे घडलेले नाही. गंगाधररावांच्या मृत्यूच्या बरोबर दोनशे वर्षे आधी, १६५३ साली, फ्रान्सचा चौदावा लुई पॅरिस येथे ‘रात्रीचा बॅले’ ह्या नृत्यनाट्यात सूर्याचा वेष घेऊन नाचला. वय अवघे चौदा वर्षांचे. सरदारांचे बंड नुकतेच मोडले होते. उगवता सूर्य कोण, हे राजाने दरबारास नाचून सांगितले. त्याने १६६१ साली नृत्याची राजमान्य विद्यापीठासारखी संस्था काढिली. आणि १७०० साली फ्योये नावाच्या नृत्यगुरूने पावलांच्या खुणा कागदावर उतरविण्याची पद्धत ग्रंथरूपाने छापली. त्या राजास कोणी बायकी म्हटले नाही. उलट ‘सूर्यराजा’ हे त्याचे बिरुदच झाले.

आपल्याकडे लखनौचा वाजिद अली शाह स्वतः रहस रचीत असे, नृत्यात निपुण होता. १८५६ साली अवध खालसा करताना कंपनीने गैरकारभाराचे कारण पुढे केले, आणि नवाबाचे गाणेबजावणे त्या आरोपपत्रात पुराव्यासारखे वापरले गेले. झाशीची गोष्ट वेगळी आहे. ती १८५४ मध्ये खालसा झाली ती दत्तक नामंजूर झाल्यामुळे, नाटकांमुळे नव्हे. तरीही पुढील काळात दोन्ही राजांची चित्रे एकाच रंगाने रंगविली गेली. लुईचा इतिहास त्याच्याच दरबाराने लिहिला. ह्या दोघांचा इतिहास त्यांचे राज्य घेणाऱ्यांनी लिहिला. नृत्य तेच, लेखणी कोणाच्या हाती होती, एवढाच काय तो फरक.

लेखणीइतकेच महत्त्व कागदाचेही आहे. तंजावरच्या मराठी राजांनी नृत्यनाट्यास शतकाहून अधिक काळ आश्रय दिला. दुसरे सरफोजी ह्यांच्या काळातील नृत्यासाठी रचलेली मराठी पदे, ‘निरूपणे’ व ‘कोरवे’, आज आपण वाचू शकतो. त्यांवरून त्या दरबारात कोणत्या क्रमाने काय नाचले जाई, ह्याचा अभ्यास करू शकतो. कारण तंजावरचे राज्य गेले तरी सरस्वती महाल ग्रंथालय राहिले, आणि १९१८ साली ते सर्वांस खुले झाले. झाशीसही राजवाड्यात मोठा ग्रंथसंग्रह होता. काशीचे पंडित तेथील पोथ्यांच्या नकला करून नेत, असे गोडसे सांगतात. १८५८ च्या एप्रिलच्या ३ तारखेस इंग्रज फौज शहरात शिरली, आणि पुढील लुटीत त्या संग्रहाची राखरांगोळी झाली. माणसे मेली, घरे जळली. त्या शोकापुढे पोथ्यांचा शोक कोण करणार? पण त्या दिवशी राजाची बाजू सांगणारे कागदही जळाले, आणि मागे राहिल्या त्या फक्त दुसऱ्यांनी सांगितलेल्या गोष्टी.

प्रयोगकलेचे हे दुर्दैवच आहे. मूर्ती राहते, चित्र राहते. पडदा पडला की प्रयोग संपतो. बालगंधर्वांचा विचार करावा. पन्नास वर्षांनंतर, १९०५ साली, नारायण राजहंस शकुंतलेचा वेष घेऊन उभे राहिले, आणि पुढे त्यांच्या शालूंचे व अलंकारांचे अनुकरण घरंदाज स्त्रिया करू लागल्या. गंगाधररावांच्या अंगावर जो पोषाख विक्षिप्तपणाचा ठरला, तोच ह्या नटाच्या अंगावर महाराष्ट्राचे भूषण ठरला. बालगंधर्वांच्या तबकड्या आज उपलब्ध आहेत. त्या लावून रसिक अजून वाद घालतात: अमुक पद आधीचे बरे की नंतरचे, तार सप्तकात आवाज कोठे भिजला. वाद होतो म्हणजे कलावंत जिवंत आहे. गंगाधररावांच्या भूमिकेविषयी असा वाद घालण्यास आपणांपाशी एक सूरही नाही. म्हणून आपण त्यांच्या भूमिकेविषयी बोलत नाही. त्यांच्या स्वभावाविषयी बोलतो.

त्या रंगमंचावरील एक नाव तेवढे झाशीने जपले आहे. किल्ल्यात गुलाम गौस खाँ व खुदाबक्ष ह्यांच्यासमवेत मोतीबाईची कबर दाखवितात. ती गंगाधररावांच्या नाटकशाळेतील नटी होती, अशी लोकस्मृती आहे. झाशीचेच रहिवासी वृंदावनलाल वर्मा ह्यांनी १९४६ च्या आपल्या हिंदी कादंबरीत तिला तशीच रंगविली. मात्र तिची कबर पुजली जाते ती तिच्या अभिनयासाठी नव्हे. राणीच्या बाजूने लढता लढता ती पडली म्हणून. नटीस मान मिळाला तो तिने हाती शस्त्र घेतल्यावर. राजाने शस्त्र घेतले नाही. त्याचा रंगमंचही विसरला गेला.

राणीसाहेबांचे तेज कमी करावे असा आमचा हेतू मुळीच नाही. त्यांच्या नावाने झाशीचे रेल्वे स्टेशनही आता ओळखले जाते, आणि ते योग्यच आहे. पण एका घरात एक वीर आणि एक रसिक असू शकतो, आणि रसिकास दोषी ठरविल्यावाचून वीराचा गौरव होऊ शकतो, एवढे मान्य करण्यास काय हरकत आहे?

आपण परमुलुखात नोकरीनिमित्त फिरणारी माणसे. तीन वर्षांनी पुन्हा बदली होते. प्रत्येक गावी एखाद्या वृद्धाच्या तोंडून जुन्या गवयाची, जुन्या नर्तकीची, बंद पडलेल्या नाटकगृहाची गोष्ट ऐकू येते. आपण मान डोलावतो आणि ऑफिसात जातो. फायली लिहिण्याची सवय आपणांस आहेच. त्यातील एखादे पान ह्या गोष्टींसाठी खर्ची घालावे. झाशीत असे पान कोणी जपले असते, तर लक्ष्मी तलावाच्या काठी आम्ही इतके अनभिज्ञ उभे राहिलो नसतो.