फराळाच्या ताटातलं चॉकलेट

चॉकलेट या शब्दाचा आपल्याइतका ऐसपैस अर्थ जगात दुसऱ्या कुणी केला नसेल. आमच्या पिंपळगाव बसवंतला तर वाण्याच्या फळीवरच्या बरणीत जे जे म्हणून गोड, कागदात गुंडाळलेलं आणि दाढेला चिकटणारं असेल, ते सगळं चॉकलेट. संत्र्याची गोळी चॉकलेट, पानाच्या चवीची गोळी चॉकलेट. आल्याची वडीसुद्धा कागदात गुंडाळली की तिला बढती मिळते आणि ती चॉकलेट होते. मग खऱ्या चॉकलेटला काय म्हणायचं? तर कॅडबरी. कंपनी कुठलीही असो! ही कॅडबरी कंपनी हिंदुस्थानात आली १९४८ साली. म्हणजे एक इंग्रज गेला आणि वर्षाच्या आत दुसरा आला. फक्त या दुसऱ्याला कुणी ‘चले जाव’ म्हटलं नाही. पुढे २०१४ साली कंपनीनं आपलं इथलं नाव बदलून माँडेलिझ असं केलं. पण मुलाच्या वाढदिवसाला वाण्याकडे जाऊन ‘चाळीस माँडेलिझ द्या’ म्हणणारा बाप मला अजून भेटायचा आहे.

शब्दांचा हा घोळ सांगायचं कारण आमचा दिवाळीचा फराळ. एके काळी वसुबारसेच्या आधीच आठ दिवस आमच्या घरातून तळणीचा वास सुटायचा. पुढे सौ.च्या गुडघ्यांनी संप पुकारला आणि लागोपाठ दोन वर्षं फराळ बाहेरून, पुठ्ठ्याच्या खोक्यांतून आला. चकली कुरकुरीत, करंज्या सगळ्या एका मापाच्या, तक्रारीला कुठे जागा म्हणून नाही. फक्त घरात वास नव्हता. सौ. काही बोलली नाही, पण डब्यांची झाकणं लावताना ती जरा जास्तच जोरात लावू लागली. लग्नाला चाळीस वर्षं झालेल्या माणसाला एवढं पुरतं.

सूनबाईला करंजीची मुरड येत नाही. चकलीचा सोऱ्या तिनं हातात धरला, तर तो जप्त केलेल्या हत्यारासारखा दिसतो. पण तिसऱ्या वर्षी तिनंच जाहीर केलं, “बाबा, यंदा आपण घरी चॉकलेट करू या.”

“गोळ्या गं कशा घरी होतील?” सौ. म्हणाली. तिच्या डोळ्यांपुढे अर्थातच वाण्याची बरणी होती.

सूनबाईनं समजावून सांगितलं : काजू, शेंगदाणे आणि आपल्याकडचे बेदाणे घ्यायचे, ते कॅरॅमलमध्ये घोळायचे, त्याचे लहान लहान ढीग घालायचे आणि गार झाले की वितळलेल्या चॉकलेटमध्ये बुडवून काढायचे.

“म्हणजे चिक्कीला वकिलाचा काळा डगला,” सौ. म्हणाली. या पदार्थाची इतकी नेमकी व्याख्या मी दुसरीकडे वाचलेली नाही. पण लगेच तिनं मुद्द्याचा प्रश्न टाकला, “आणि लक्ष्मीपूजनाला हे असलं परदेशी कशाला?”

आता हा प्रश्न स्वयंपाकाचा नसून इतिहासाचा होता, आणि निवृत्त माणसाला इतिहासाचा प्रश्न म्हणजे भर उन्हात उसाच्या रसाचा ग्लास. मी ताबडतोब साक्षीपुरावे गोळा करायला घेतले.

पहिला पुरावा आमच्याच जिल्ह्यातला निघाला. मुंबई-आग्रा रस्त्यानं पिंपळगावाहून निघालं की चांदवड लागतं, पुढे मालेगाव. त्या मालेगाव तालुक्यात रावळगाव आहे. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी तिथल्या खडकाळ माळावर ऊस उभा केला आणि १९३३ साली साखर कारखाना सुरू केला. साखर हाताशी होतीच. १९४२ साली तिथं गोळ्या-टॉफ्या बनू लागल्या. ‘पान पसंद’, ‘मँगो मूड’, ‘कॉफी ब्रेक’ ही नावं वाचून ज्यांच्या तोंडाला पाणी सुटलं नाही, त्यांचं बालपण बहुधा फार महागड्या शाळेत गेलं असावं. आमच्या पिढीचं चॉकलेट म्हणजे हेच.

हे वालचंदशेठ म्हणजे एका जागी स्वस्थ बसणारा गृहस्थ नव्हे. बोटी त्यांनी चालवल्या, पुढे मोटारी काढल्या, आणि १९४० साली बंगळूरला विमानांचा कारखाना काढला. महायुद्ध चालू होतं, सरकारनं १९४२ साली तो कारखाना आपल्या ताब्यात घेतला. ज्या वर्षी विमानं हातातून गेली, त्याच वर्षी गोळ्या हातात आल्या. एकाचा दुसऱ्याशी संबंध होता असं मी म्हणत नाही. पण मोठ्या माणसालासुद्धा कधीकधी गोड बोलून वेळ भागवावी लागते. त्या विमान कंपनीची १९६४ साली मिग विमानांसाठी काढलेल्या कंपनीशी सोयरीक होऊन हिंदुस्थान एरोनॉटिक्स झाली, आणि तिचा मिगचा कारखाना आला आमच्या शेजारी ओझरला. म्हणजे आग्रा रस्त्यावर एका अंगाला वालचंदांच्या विमानांची पुढची पिढी आणि दुसऱ्या अंगाला त्यांच्या गोळ्या. मधे आम्ही, पिंपळगावकर, कांद्याच्या भावाकडे डोळे लावून बसलेले.

दुसरा पुरावा भाषेचा. गोड गोळीला इंग्रज ‘कँडी’ म्हणतो आणि म्हणताना ऐट अशी करतो, की जणू शब्द त्याच्या आजोबांचा. शब्द आहे आपला ‘खंड’. इराणात तो ‘कंद’ झाला, अरबांनी तो पुढे नेला, फ्रेंचांनी घासूनपुसून इंग्रजाच्या हातात ठेवला. आपली खडीसाखर त्याच घराण्यातली. ‘शुगर’ तरी कुठली? आपली ‘शर्करा’च. तेव्हा कँडी घरी करणं म्हणजे परदेशी पाहुणीला घरात घेणं नव्हे, तर सासरी गेलेल्या मुलीला दिवाळीला माहेरी बोलावणं झालं. हा मुद्दा मी जरा आवाज चढवून मांडला. सौ. तेव्हा कांदा चिरत होती. डोळ्यांत पाणी आलं, ते मुद्द्यामुळे की कांद्यामुळे हे कळलं नाही.

तिसरा पुरावा मात्र थोडा उलटला. कोको मूळचा अमेरिकेतला. मेक्सिकोचे अझ्टेक लोक तो कडूच्या कडू घोटून पीत, आणि कोकोच्या बिया चक्क नाण्यांसारख्या बाजारात चालवत. पुढे आमच्या वाण्यांनी ‘सुट्टे नाहीत, दोन चॉकलेटं घ्या’ ही पद्धत सुरू केली, तेव्हा त्यांना आपण एवढ्या जुन्या परंपरेचे वारस आहोत याची कल्पना नसावी. खाण्याच्या चॉकलेटची लादी तर फार अलीकडची : १८४७ साली इंग्लंडात ब्रिस्टल गावी फ्राय मंडळींनी ती काढली. त्यात दूध आलं १८७५ साली, स्वित्झर्लंडात.

“मग झालंच की परदेशी,” सौ. म्हणाली.

मी म्हटलं, “ठीक. मग शेंगदाणाही परदेशी. तोही दक्षिण अमेरिकेतला. काजू ब्राझीलमधला, पोर्तुगीजांनी गोव्यात आणलेला. तुझ्या एकादशीच्या खिचडीतला साबुदाणा ज्या कंदाचा, तो कंद अमेरिकेचा, बटाटा अमेरिकेचा, मिरचीसुद्धा अमेरिकेची. खिचडीत तूप तेवढं घरचं. आणि ज्या द्राक्षांवर आपलं गाव मिरवतं, त्यांच्या एका जातीचं नावच मुळी थॉमसन!”

उपवासाच्या खिचडीवर आल्यावर सौ. गप्प झाली. अर्थात पटलं म्हणून नव्हे. पुढच्या एकादशीला मला खिचडी मिळणार की नाही, याचा विचार ती करत असावी. पण चॉकलेटला परवानगी मिळाली.

सामान आणायला सूनबाई नाशिकला गेली. भाव ऐकून मी दचकलो. २०२४ साली जगाच्या बाजारात कोको टनाला दहा हजार डॉलरच्या वर गेला होता. जगातला निम्म्याहून अधिक कोको पश्चिम आफ्रिकेतल्या आयव्हरी कोस्ट आणि घाना या दोन देशांत पिकतो. तिथं पाऊस चुकला, झाडांना रोग लागला, की इथं लादी महाग. हे अर्थशास्त्र पिंपळगावात कुणाला समजावून सांगावं लागत नाही. कांदा आणि टोमॅटो यांनी आम्हाला ते लहानपणापासून शिकवलंय. एकाच हंगामात टोमॅटो सोन्याचा होतो आणि रस्त्यावर ओतायचाही होतो. घानातल्या त्या शेतकऱ्याची आणि आमच्या बाजार समितीतल्या ट्रॅक्टरवाल्याची गाठ पडली, तर भाषा कळायची नाही, पण गप्पा रंगतील.

सूनबाईनं आणलेली लादी मोर्डे कंपनीची निघाली. म्हणजे चॉकलेटलासुद्धा मराठी आडनाव! या लादीत कोकोच्या लोण्याऐवजी वनस्पती स्निग्धांश असतो, त्यामुळे ती घरच्या माणसाला वळते. अस्सल कोकोचं लोणी चौतीस अंशांच्या आसपास वितळतं. तोंडात ते विरघळतं ते म्हणूनच, आणि एप्रिलमध्ये खिशातही विरघळतं तेही म्हणूनच. अस्सल चॉकलेट वितळवून पुन्हा चकचकीत गोठवायचं तर ते आधी तापवा, मग निववा, मग पुन्हा जरा ऊब द्या, असे जावयासारखे लाड करावे लागतात.

रविवारी भट्टी लागली. शेंगदाणे भाजून सोलले, काजूचे तुकडे केले. जाड बुडाच्या पातेल्यात दोन वाट्या साखर पाण्याशिवाय मंद आचेवर ठेवली. ती वितळून मधासारखी तांबूस झाल्यावर सूनबाईनं पाव वाटी लोणी आणि एक वाटी गरम साय घातली. पातेल्यात असा काही फेस उसळला, की मी दोन पावलं मागे आलो. (इतिहासकारानं घटनेपासून थोडं अंतर राखावं.) आता हे मिश्रण एकशे अठरा अंशांपर्यंत आटवायचं, असं सूनबाईच्या फोनमध्ये लिहिलेलं होतं. आणि तापमापक? घरात होता तो तापाचा. तो बेचाळीसपर्यंत जातो.

सूनबाई गोंधळली. सौ. स्टुलावर बसून वाटाणे सोलत होती. ती उठली, गुडघ्याला हात लावून. वाटीत गार पाणी घेतलं, उलथन्याच्या टोकानं पाकाचा थेंब त्यात टाकला आणि बोटांत धरून पाहिला. “पसरतोय. अजून थांब.” दोन मिनिटांनी पुन्हा थेंब. “अजून.” तिसऱ्या थेंबाची बोटांत मऊ गोळी झाली. “हं, उतरव. आता आणखी ठेवशील तर चिक्की होईल.”

मी मागाहून वाचून पाहिलं. पाकाच्या थेंबाची गार पाण्यात मऊ गोळी होते ती एकशे पंधरा-अठराच्या आसपास. चिक्कीचा पाक दीडशेच्या घरात जातो, तेव्हा थेंब वाटीत टणकन वाजतो. म्हणजे एकतारी, दोनतारी, गोळीबंद ही आपल्या बायकांची मोजपट्टी, आणि तिच्यावर काचेची नळी नाही एवढंच.

दाणे आणि बेदाणे पाकात पडले. तूप लावलेल्या ताटात चमच्याचमच्यानं ढीग घातले. ते निवल्यावर गरम पाण्याच्या पातेल्यावर वाडगं ठेवून चॉकलेट वितळवलं. सूनबाईनं सगळ्यांना ताकीद दिली की त्यात पाण्याचा थेंब पडता कामा नये. पडला की ते रुसतं आणि त्याचा चोथा होतो. सौ. म्हणाली, “मग माझ्यासारखंच आहे.” काट्यावर एकेक ढीग घेऊन बुडवायचा, काटा वाडग्याच्या काठावर हलके आपटून जादा चॉकलेट झटकायचं आणि कागदावर ठेवायचा. हे काम बसून करायचं असल्यानं ते सौ.कडे आलं. त्या दिवशी तिनं एकशे सहा डगले चढवले. गुडघ्यांची आठवण एकदाही निघाली नाही. घरभर जळक्या साखरेचा आणि भाजलेल्या दाण्यांचा वास भरला होता. तळणीचा नव्हे, पण वास होता!

त्याच जोरावर दुसऱ्या दिवशी सौ.नं स्टुलावर बसूनच चकल्यांची भाजणी मळली. सोऱ्या सूनबाईच्या हातात दिला. पहिल्या सहा चकल्या नकाशातल्या बेटांसारख्या झाल्या, सातवी बरी आली.

चॉकलेटं विणलेल्या रुमालाखाली फराळाच्या ताटातून आळीत गेली. करंजी-चकलीच्या बरोबरीनं बसली, कुणीही त्यांना जात-गोत्र विचारलं नाही. नाताळच्या सुमाराला पुन्हा एकदा घाणा काढला. त्या दिवसांत आमच्या निफाड तालुक्यात थंडी अशी पडते, की द्राक्षबागायतदार बागांतून शेकोट्या पेटवतात. ज्या थंडीनं मण्यांना तडे जायच्या धास्तीनं त्यांची झोप उडते, त्याच थंडीत चॉकलेट मात्र दहा मिनिटांत आवळून बसतं. आम्ही दोन डबे बागेत शेकोटीशी जागणाऱ्या मंडळींनाही पाठवले.

रावळगावची गोष्ट सांगायची राहिली. फेब्रुवारी २०२४ मध्ये रावळगावच्या गोळ्यांची नावं आणि त्यांच्या पाककृती रिलायन्सच्या कंपनीनं सत्तावीस कोटी रुपयांना घेतल्या. जमीन, इमारती, यंत्रं मूळ कंपनीकडेच राहिली. गेलं ते फक्त नाव, आणि ती गोळी कशी करायची याची माहिती. ऐंशीहून अधिक वर्षं ज्या गोळ्यांनी आमचे दात किडवले, त्यांची माहिती एवढ्या किमतीची होती हे ऐकून आम्हाला आमच्या दातांबद्दलही थोडा आदर वाटला.

भाऊबीजेच्या दिवशी शेजारच्या काकू आमचं रिकामं ताट परत करायला आल्या. ते अर्थात रिकामं नव्हतं, त्यात अनारसे होते. त्यांनी सौ.ला विचारलं, “ते काळं-काळं काय होतं हो? कसं केलंत?”

सूनबाई फोन काढणार, तेवढ्यात सौ.नं कॅलेंडरचं आश्विनाचं पान फाडलं आणि पाठकोऱ्या बाजूवर सगळी कृती लिहून काकूंच्या हातात दिली. फुकट.