साधे वेष्टन, कमी कचरा : अंबडच्या खोक्यांचा प्रश्न

नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीतून दररोज बाहेर पडणारे वाहनांचे सुटे भाग आणि विद्युत उपकरणे वेष्टनाशिवाय फाटक ओलांडत नाहीत. पुठ्ठ्याचे खोके, आत थर्माकोलचे साचे, गंजरोधक प्लास्टिक पिशवी, वरून ताणपट्टी आणि खाली लाकडी पॅलेट. माल ग्राहकाच्या दारी उतरला की काही मिनिटांत या साऱ्याचा कचरा होतो. या कचऱ्याचे प्रमाण विल्हेवाटीच्या वेळी नव्हे, तर खोक्याचा आराखडा कागदावर उतरतो तेव्हाच बव्हंशी ठरलेले असते.

खोक्याची लांबी, रुंदी आणि उंची प्रत्येकी एक दशांशाने कमी केली, तर पुठ्ठा सुमारे १९ टक्क्यांनी आणि व्यापलेली जागा सुमारे २७ टक्क्यांनी घटते. म्हणजे त्याच मालमोटारीत अधिक माल मावतो. अनेक खोकी प्रत्यक्ष मालापेक्षा मोठी असतात, याचे कारण बहुधा सवय हेच असते. एका मापाचे खोके तीन प्रकारच्या मालाला वापरले जाते आणि उरलेली पोकळी थर्माकोलने भरली जाते.

दुसरा मुद्दा पदार्थांच्या मिश्रणाचा. निव्वळ पुठ्ठा भंगारात सहज विकला जातो आणि कागद गिरणीत पुन्हा लगद्यात जातो. त्यालाच फोम किंवा प्लास्टिकचा थर चिकटविला, की तो वेगळा करण्याची मजुरी मालाच्या किमतीपेक्षा जड होते. थर्माकोल तर वजनाने हलका आणि आकाराने अवाढव्य. तो वाहून नेणे भंगारवाल्यालाही परवडत नाही. त्याऐवजी पुठ्ठ्याच्याच घड्या घालून केलेले खाचेदार कप्पे वापरले, तर सबंध खोके एकाच पदार्थाचे राहते.

सर्वांत साधा उपाय म्हणजे खोकेच न टाकणे. अंबडहून सातपूरला जाणाऱ्या मालासाठी प्लास्टिक क्रेट किंवा लोखंडी ट्रॉली वापरता येते, कारण माल उतरवून परतणारी गाडी रिकामे क्रेट आणू शकते. अंतर वाढते तसे हे गणित बिघडते. परदेशी जाणाऱ्या मालाला लाकडी पेटी लागते आणि आंतरराष्ट्रीय नियमानुसार ते लाकूड गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सियसला सलग ३० मिनिटे तापविणे, हा कीडनाशाचा एक मान्य मार्ग आहे. अशी पेटी रिकामी परत आणणे सहसा परवडत नाही. वेष्टन कमी करण्यालाही मर्यादा आहे. खरचटलेला किंवा गंजलेला भाग परत आला, तर त्यात गेलेले पोलाद आणि वीज वाचविलेल्या पुठ्ठ्याहून कितीतरी महाग पडते.

खरी अडचण अधिकाराची आहे. वेष्टनाचा आराखडा बहुधा मोठी ग्राहक कंपनी ठरविते. लघुउद्योजकाला खोके लहान करायचे झाले तरी तिची मंजुरी लागते. बचतीचा वाटा त्याला मिळेलच असेही नाही.

कायद्याचा रोख या टप्प्याकडे उशिरा वळला. राज्य सरकारने मार्च २०१८ मध्ये प्लास्टिक व थर्माकोलच्या अनेक वस्तूंवर बंदी घातली, पण उत्पादनाच्या टप्प्यावरच मालाला घातले जाणारे प्लास्टिक वेष्टन तीतून वगळले. केंद्राने फेब्रुवारी २०२२ मध्ये उत्पादकाच्या विस्तारित जबाबदारीची मार्गदर्शक तत्त्वे जारी केली. त्यांनुसार टणक प्लास्टिक वेष्टनात पुनर्प्रक्रिया केलेल्या प्लास्टिकचा वाटा २०२५-२६ साठी ३० टक्के, तर २०२८-२९ पासून ६० टक्के ठरविण्यात आला.

आजवर या कचऱ्याचा मोठा भार भंगार व्यावसायिकांनीच उचलला आहे. अंबड-सातपूर लिंक रोडवरील अनधिकृत भंगार बाजार महापालिकेने जानेवारी २०१७ मध्ये हटविला. तो पुन्हा उभा राहिला आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये पुन्हा हटवावा लागला. दुकाने हलली, तरी कारखान्यांच्या फाटकाबाहेर पडणारी खोकी थांबलेली नाहीत.