सावकाश काम करणारे औषध घाईने का देतात?

१/ दम्याचा तीव्र झटका आलेल्या रुग्णाला आपत्कालीन कक्षात नेब्युलायझरबरोबर स्टेरॉइडही तातडीने दिले जाते. वास्तविक त्याचा गुण येण्यास काही तास लागतात. मग ही घाई कशासाठी? याचे उत्तर मिळण्यास वैद्यकशास्त्राला काही दशके लागली. त्या प्रवासाचा हा थ्रेड. 🧵

२/ सप्टेंबर १९४८. अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये संधिवाताने जखडलेल्या एका स्त्रीला कॉर्टिझोन देण्यात आले आणि काही दिवसांतच ती चालू लागली. १९५० मध्ये हेंच, केंडल आणि राइकश्टाइन यांना नोबेल पारितोषिक मिळाले. तोवर दम्यावरही या औषधाचे प्रयोग सुरू झाले होते.

३/ १९५६ मध्ये ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलने नेहमीच्या औषधांना न जुमानणाऱ्या झटक्यांवर कॉर्टिझोनची नियंत्रित चाचणी घेतली. लाभ दिसून आला. तथापि दीर्घ वापराचे दुष्परिणामही ठाऊक होऊ लागले होते. त्यामुळे अनेक डॉक्टर हे औषध अखेरचा उपाय म्हणून राखून ठेवत.

४/ पुढच्या दशकात झटपट आराम देणारे पंप लोकप्रिय झाले. त्याच काळात इंग्लंड व वेल्समध्ये दम्याचे मृत्यू वाढले. १० ते १४ वर्षे वयोगटात तर १९६६ पर्यंत जवळजवळ आठपट. संशय या पंपांच्या अतिवापरावर गेला. कारणांचा वाद पुढे दीर्घकाळ चालला.

५/ येथे एक भेद ध्यानात घ्यावा. पंपातील औषध श्वासनलिकेभोवतीचे आवळलेले स्नायू काही मिनिटांत सैल करते. आतली सूज मात्र तशीच राहते. ती उतरवण्याचे काम स्टेरॉइडचे, आणि ते संथ गतीने चालते. म्हणूनच त्याला जितका उशीर, तितका आराम लांबणीवर.

६/ १९८६ मध्ये अमेरिकेत लिटनबर्ग आणि ग्लक यांनी हे पडताळून पाहिले. आपत्कालीन कक्षात आलेल्या ९७ रुग्णांपैकी काहींना सुरुवातीलाच १२५ मिलिग्रॅम मिथाइलप्रेडनिसोलोन शिरेतून दिले, इतरांना औषधविरहित द्रव. दुसऱ्या गटातील ४७ टक्के रुग्णांना दाखल करावे लागले. पहिल्या गटातील केवळ १९ टक्क्यांना.

७/ २००१ च्या कॉक्रेन आढाव्याने १२ चाचण्या एकत्र तपासल्या. पहिल्या तासात स्टेरॉइड दिल्यास साधारण दर आठ रुग्णांमागे एकाचे दाखल होणे टळते, असा त्याचा निष्कर्ष होता.

८/ औषधाच्या इतिहासात आपण शोधाचे साल पाठ करतो. येथे शोध १९४८ चा आहे. ते केव्हा द्यावे याचा ठोस पुरावा १९८६ चा. मधली ३८ वर्षेही त्याच इतिहासाचा भाग आहेत.