‘चान्स आहे का?’ : एका प्रश्नाचा एकशे ऐंशी वर्षांचा इतिहास

नीटचा निकाल लागला की आमच्या तालुक्यात एकच प्रश्न फिरतो. किराणा दुकानात, एसटी स्टँडवर, लग्नाच्या पंगतीत. “पोराला अमुक मार्क पडलेत. एमबीबीएसचा चान्स आहे का?”

उत्तर देणारा कुणीही असतो. मागच्या वर्षी ज्याच्या भाच्याला ॲडमिशन मिळालं, तो यंदाचा तज्ज्ञ. तो सांगतो, “मागच्या साली इतक्याला क्लोज झालं होतं.” बस्स. या एका वाक्यावर घराघरात निर्णय होतात. रिपीट करायचं की बीएएमएसला टाकायचं, वावर विकायचं की पोराला परदेशी पाठवायचं. म्हणून हे वाक्य किती भरवशाचं आहे, ते जरा इतिहासात जाऊन बघू या. पोस्ट लांब आहे, पण ज्यांच्या घरात बारावीचं लेकरू आहे त्यांनी शेवटपर्यंत वाचावी.

मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेज सुरू झालं १८४५ साली. पहिली तुकडी १८५१ ला बाहेर पडली, त्यात भाऊ दाजी लाड होते. तेव्हा कट-ऑफ नावाची भानगडच नव्हती. मढ्याची चिरफाड करायची, तीही इंग्रजीतून शिकून, यालाच किती घरं तयार होणार? तुम्ही कोण, कुठल्या घरातले, इंग्रजी येतं का, यावर चान्स ठरायचा. बाईमाणसाची वाट तर आणखीच अवघड. आनंदीबाई जोशी १८८६ साली डॉक्टर झाल्या, पण पदवी घ्यायला त्यांना सातासमुद्रापार फिलाडेल्फियाला जावं लागलं.

स्वातंत्र्यानंतर सरकारी कॉलेजं हळूहळू मुंबई-पुण्याबाहेर आली. नागपूर १९४७, औरंगाबाद १९५६, मिरज १९६२, सोलापूर १९६३, मग सत्तरच्या दशकात अंबाजोगाई. शेतकऱ्याच्या, मास्तराच्या पोराला डॉक्टर होणं शक्य वाटू लागलं ते इथून. आधी इंटर सायन्सचे मार्क बघायचे. पुढे १०+२ चा आकृतिबंध आला, १९७७ ला बारावीची पहिली परीक्षा झाली आणि फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी या तीन विषयांची बेरीज हेच माप झालं. आजही पन्नाशी-साठीतले लोक आपली ‘पीसीबी’ची बेरीज पाठ म्हणून दाखवतात. एका मार्काने गेलेली सीट माणूस जन्मभर विसरत नाही. प्राचार्य जनार्दन वाघमारे यांच्या राजर्षी शाहू महाविद्यालयाचं नाव ज्या ‘लातूर पॅटर्न’शी जोडलेलं आहे, तो याच मापावर उभा राहिला.

ऐंशीच्या दशकात या मापाशेजारी दुसरं माप आलं, पैशाचं. वसंतदादा पाटलांच्या सरकारने १९८३ मध्ये विनाअनुदानित कॉलेजांना वाट मोकळी केली. जागा वाढल्या हे खरं. पण देणगीचा बाजारही वाढला, इतका की १९८७ ला सरकारलाच कॅपिटेशन फीबंदीचा कायदा करावा लागला. मग कोर्टाच्या पायऱ्या. १९९२ चा मोहिनी जैन खटला, १९९३ चा उन्नीकृष्णन, २००२ चा टी. एम. ए. पै, २००५ चा इनामदार. प्रत्येक निकालानंतर खासगी कॉलेजातल्या किती जागा गुणवत्तेच्या आणि किती पैशाच्या, याचा हिशोब बदलला. म्हणजे पोराचे मार्क तेच, पण त्याच्यापुढच्या जागा मात्र कमी-जास्त.

त्यातच नकाशाचं गणित. १९८४ च्या प्रदीप जैन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की सगळ्याच जागा राज्यातल्यांसाठी राखून ठेवता येणार नाहीत. त्यातून सरकारी कॉलेजातला १५ टक्के ऑल इंडिया कोटा आला. राहिलेल्या जागांवर आपल्याकडे ७०:३० चं सूत्र. ७० टक्के जागा त्या त्या विभागातल्या मुलांना, ३० टक्के राज्यभरासाठी. विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र अशा तीन वेगळ्या रांगा. मराठवाड्यात कॉलेजं कमी आणि चढाओढ मोठी. त्यामुळे इथला पोरगा ज्या मार्कांवर घरी बसायचा, तेवढ्याच मार्कांवर दुसऱ्या विभागातला पोरगा ॲप्रन घालायचा, अशी तक्रार वर्षानुवर्षं चालली. सप्टेंबर २०२० मध्ये सरकारने हे सूत्र रद्द केलं. आता लक्षात घ्या, २०२० च्या आधीच्या याद्या घेऊन कुणी तुम्हाला चान्स सांगत असेल, तर तो मोडलेल्या रांगेतला नंबर सांगतोय.

परीक्षेचंही तसंच. बारावीचे मार्क गेले, राज्याची सीईटी आली. २०० मार्कांची, बारावीच्या अभ्यासक्रमावर, चुकलं तर मार्क कापायचे नाहीत. पोरं त्या मापाला सरावली तोवर २०१३ च्या मे महिन्यात नीट आली. अकरावी-बारावी दोन्ही, एनसीईआरटीची पुस्तकं, चुकीच्या उत्तराला एक मार्क वजा. जुलैमध्ये सर्वोच्च न्यायालयाने तीच नीट रद्द ठरवली. पुन्हा सीईटी. मग २०१६ मध्ये, २८ एप्रिलला, कोर्टाने सांगितलं की याच वर्षापासून नीट. आपल्या पोरांची सीईटी ५ मे ला होती! परीक्षेला आठवडा असताना, हेच मार्क धरणार की नाही, हे कुणालाच माहीत नव्हतं. शेवटी केंद्राने अध्यादेश काढून राज्याच्या जागांपुरती त्या वर्षाची सूट दिली. २०१७ पासून नीट कायमची झाली आणि त्या वर्षी ती मराठीतूनही देता आली.

माप बदलत गेलं ते असं. पण परीक्षा एकच राहिली तरी कट-ऑफ स्थिर राहतो का? नाही. अगदी ताजं उदाहरण घ्या. २०२४ च्या नीटमध्ये ७२० पैकी ६५० च्या वर सुमारे ३० हजार मुलं होती. ६७ जणांना पैकीच्या पैकी पडले, दुरुस्तीनंतर ते १७ राहिले. २०२५ ला पेपर असा अवघड निघाला की देशात पहिला आलेल्या मुलाला ६८६ पडले आणि ६५० च्या वरची मुलं शंभरही भरली नाहीत. २०२४ ला ६०० मार्क घेऊन रडलेला पोरगा २०२५ ला त्याच ६०० वर गावात पेढे वाटत फिरला असता. हुशारी तीच, अभ्यास तोच. फक्त रांग बदलली.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे : कट-ऑफ ही तुमच्या पोराच्या डोक्याची पट्टी नाही. त्या वर्षी रांगेत कितीजण होते, जागा किती होत्या, नियम काय होता आणि पेपर कसा होता, या चार गोष्टींचा तो ठसा आहे. चारातली एक हलली की ठसा हलतो. आणि आपल्याकडे दरवर्षी एक तरी हलतेच. २०२१ च्या मे मध्ये मराठा आरक्षणाचा कायदा कोर्टात रद्द झाला, फेब्रुवारी २०२४ मध्ये १० टक्क्यांचा नवा कायदा आला. २०२४ मध्येच जालना, हिंगोली, बुलढाणा, वाशीम, गडचिरोली, भंडारा अशी दहा नवी सरकारी कॉलेजं सुरू झाली. देशभरात २०१४ ला एमबीबीएसच्या जागा ५१ हजारांच्या आसपास होत्या, २०२४-२५ मध्ये त्या १ लाख १८ हजारांच्या घरात होत्या.

मग चान्स बघायचा कसा?

पहिलं, मार्क बाजूला ठेवा, रँक बघा. मार्क पेपरवर अवलंबून असतात, रँक म्हणजे तुमच्यापुढे किती माणसं उभी आहेत ते. राज्याची मेरिट लिस्ट लागली की त्यातला नंबर धरा, तो आणखी जवळचा.

दुसरं, ‘क्लोज झालं’ म्हणणाऱ्याला तीन प्रश्न विचारा. कुठल्या प्रवर्गाचं? सरकारी की खासगी? कितव्या फेरीचं? पहिल्या फेरीची शेवटची रँक आणि शेवटच्या फेरीची शेवटची रँक यात बरंच अंतर पडतं. पहिल्या फेरीत नाव नाही म्हणून घाईने लाखो रुपये मोजणारी माणसं आपल्या आजूबाजूला आहेत.

तिसरं, ‘पात्र’ या शब्दाला भुलू नका. २०२५ ला खुल्या प्रवर्गात १४४ मार्कांवर पोरं पात्र ठरली. देशात पात्र झाले १२ लाख ३६ हजार, म्हणजे एका सीटमागे दहाजण. पात्र म्हणजे रांगेत उभं राहायला परवानगी. एजंटाचा धंदा याच शब्दावर चालतो, “पोरगं क्वालिफाय आहे, सीट करून देतो” म्हणत.

चौथं, हे सगळं फुकट मिळतं. राज्याचा सीईटी सेल प्रत्येक फेरीची निवड यादी जाहीर करतो. त्यात रँक, प्रवर्ग, कॉलेज सगळं असतं. मागच्या वर्षीची यादी उघडा, आपल्या प्रवर्गावर बोट ठेवून खाली या. जागा वाढल्या का, नियम बदलला का, तेवढं जोडा. हजारो रुपये घेऊन कॉम्प्युटरवर ‘प्रेडिक्शन’ काढून देणारेही हीच यादी बघतात. अडचण एवढीच की ती इंग्रजीत असते, शेकडो पानांची असते आणि ज्याच्या घरात आधी कुणी डॉक्टर नाही त्याला ती कशी वाचायची हे कुणी सांगत नाही. १८४५ ला इंग्रजी येणारी घरं पुढे होती. आज यादी वाचता येणारी घरं पुढे आहेत.

याची किंमत कोण मोजतं, तेही सांगतो. मुलाला रिपीटचं दुसरं, तिसरं वर्ष मिळतं. मुलीला आमच्याकडे अजूनही बहुतेक घरांत एकच संधी. तिची रँक शेवटच्या फेरीत बसत असेल आणि कुणीतरी पंगतीत “नाही होणार” म्हणालं, तर ती गोष्ट तिथेच संपते. पुढच्या वर्षी लग्नपत्रिका येते.

तालुक्यातल्या ज्युनियर कॉलेजांना एक सुचवतो. निकालानंतरच्या आठवड्यात एक दिवस हॉल उघडा, मागच्या वर्षीची यादी पडद्यावर लावा आणि पालकांना वाचायला शिकवा. खर्च शून्य. कॉलेजं नाही म्हणाली तर वाचनालयात बसू. यादी डाउनलोड करून आणायचं काम माझ्याकडे. ज्यांची मुलं गेल्या दोन वर्षांत लागली, त्यांनी तेवढं मदतीला यावं.