लांब रेणूंचे माप



आंब्याकाजूच्या बागेला पाणी नेणारा प्लॅस्टिकचा नळ आज रत्नागिरी जिल्ह्यात वाडीवाडीवर दिसतो. हा नळ पी. व्ही. सी. नावाच्या पदार्थाचा. त्याची पांढरी पूड तयार करणारा मोठा कारखाना १९९४ साली याच जिल्ह्यात, रनपारच्या किनाऱ्यावर सुरू झाला. नळ चिवट होणार की ठिसूळ, हे बऱ्याच अंशी त्या पुडीतील रेणूंच्या लांबीवर ठरते. मग डोळ्यांना न दिसणारी ही लांबी मोजायची तरी कशी?

शंभर वर्षांपूर्वी असे लांब रेणू असतात हेच पुष्कळांना मान्य नव्हते. रबर, कापूस म्हणजे लहान रेणूंचे नुसते पुंजके, असा समज होता. १९२० साली जर्मन शास्त्रज्ञ हर्मान स्टाउडिंगर यांनी सांगितले, की हे पुंजके नव्हेत, एकमेकींत पक्क्या जोडलेल्या कड्यांच्या साखळ्या आहेत. साखळी जितकी लांब तितके तिचे द्रावण दाट, हे त्यांचे माप. त्यांच्यावर टीका पुष्कळ झाली. नोबेल पारितोषिक मिळाले ते १९५३ साली.

पण स्टाउडिंगर यांना ही साखळी ताठ काठीसारखी वाटे. १९३४ साली वेर्नर कून यांनी दाखविले, की ती सैल सुंभाच्या गुंत्यासारखी असते. खरी गोम इथेच आहे. मानवणाऱ्या द्रावकात हा गुंता फुलतो, न मानवणाऱ्यात आवळतो. सुंभ तेवढेच, वजनही तेवढेच. गुंत्याचा आकार मात्र वेगळा! ज्या द्रावकात, ज्या तपमानाला फुलणे आणि आवळणे यांचा तोल साधतो, त्या अवस्थेचा सिद्धान्त पॉल फ्लोरी यांनी मांडला. त्यांना १९७४ साली नोबेल मिळाले.

आता दुसरा धागा. पानांतील रंग खडूच्या पुडीतून झिरपवून वेगळे करण्याची रीत रशियन वनस्पतिशास्त्रज्ञ त्स्वेत यांनी १९०३ साली मांडली. तिला क्रोमॅटोग्राफी म्हणतात. १९५९ साली स्वीडनच्या पोराथ व फ्लोडिन यांनी भोकाभोकांचे मणी वापरून रेणू आकारावरून वेगळे केले, आणि १९६४ साली अमेरिकेत जॉन मूर यांनी ही रीत प्लॅस्टिकला लागू केली.

आपला जांभा दगड डोळ्यांसमोर आणा. मण्यांनाही तशीच भोके असतात, मात्र अतिसूक्ष्म. लहान रेणू भोकाभोकांत शिरून रेंगाळतात. मोठ्यांना आत वावच नाही, म्हणून ते आधी बाहेर पडतात. चाळणीच्या अगदी उलट, बरं का! पण भोक रेणूचे वजन पाहत नाही, गुंत्याचा आकार पाहते. द्रावक बदलला की तोच रेणू लवकर किंवा उशिरा येतो.

दाटपणाचेही तसेच. चांगल्या द्रावकात गुंत्यांची गर्दी झाली, की ते एकमेकांना दाबून आकसतात, उशिरा बाहेर पडतात आणि आहेत त्याहून लहान भासतात. साखळी जितकी लांब तितकी ही फसगत मोठी. म्हणून द्रावण फार पातळ ठेवतात. पी. व्ही. सी.ची आणखी एक खोड आहे : काही द्रावकांत त्याचे रेणू नीट सुटे न होता खरोखरच पुंजके करून राहतात. द्रावण आधी तापवून घेतले नाही, तर माप फुगते. म्हणजे स्टाउडिंगर यांच्या विरोधकांचे पुंजके सर्वस्वी खोटे नव्हते!

१९६७ साली फ्रान्समधील बेनुआ व त्यांच्या सहकाऱ्यांनी वाट काढली. वजन आणि द्रावणाला दाटपणा देण्याची शक्ती यांचा गुणाकार घेतला, की निरनिराळे महारेणू एकाच मापपट्टीवर बसतात, असे त्यांनी दाखविले.

पी. व्ही. सी.च्या व्यापारात मात्र फिकेंट्शर यांनी १९३२ साली सुचविलेला 'के' अंक अजून चालतो. तो काढताना सायक्लोहेक्झॅनोन हाच द्रावक, लिटरला ५ ग्रॅम पूड आणि २५ अंश सेल्सिअस तपमान, असे ठरलेले आहे. नळाच्या पुडीचा हा अंक साधारण ६७ असतो. अटी बदलल्या, तर त्या ६७ला अर्थ उरत नाही.

पूर्वी गावोगावची पायली वेगळी असे. 'दोन पायल्या भात' म्हटले, तर 'कोणत्या गावची पायली?' असे विचारावे लागे. १९५८पासून मेट्रिक वजने आली आणि तो घोळ मिटू लागला. रेणूंच्या मापालाही हाच प्रश्न विचारावा : कोणत्या द्रावकात, आणि किती दाट? शिक्षकांनी मुलांना एवढे जरी शिकविले, की आकडा कधी एकटा घेऊ नये, तो कसा मोजला हेही विचारावे, तरी विज्ञानाचा मोठा धडा त्यांच्या पदरी पडेल.