भीमबेटका
* भीमबेटका : मध्य प्रदेशच्या रायसेन जिल्ह्यातील शैलाश्रय. त्यांना ‘गुहा’ म्हटले जात असले, तरी बहुतेक ठिकाणी डोक्यावर नुसता वालुकाश्माचा छज्जा आहे. वि. श्री. वाकणकरांना हे खडक १९५७ साली आगगाडीतून दिसले. बोलबाला इथल्या शैलचित्रांचा झाला. पण खरा ऐवज जमिनीखाली होता. १९७० च्या दशकात डेक्कन कॉलेजच्या वि. ना. मिश्र यांनी ‘तीन एफ-२३’ या आश्रयात उत्खनन केले. तळाशी अश्युलियन हातकुऱ्हाडी व क्लीव्हर, तेही क्वार्ट्झाइटचे. वरच्या थरात मध्याश्मयुगीन सूक्ष्मास्त्रे, बहुतेक कॅल्सिडनीची. हा दगड बाहेरून आणावा लागे. (२०२१ मध्ये इथल्या छतावरचा ‘डिकिन्सोनिया’ जीवाश्म गाजला होता, तो मधमाश्यांच्या पोळ्याचा डाग निघाला.) – संपा.