पहिले वीस हजार

माझी खाला सोलापुरात विड्या वळत असे. मांडीवर सूप, सुपात तंबाखू, हातात कात्री. पान कापता कापता ती बोलायची आणि बोलता बोलता दिवसाच्या विड्या पुऱ्या व्हायच्या. पत्र्याच्या भाड्याच्या खोलीत तिची तीस वर्षे गेली, पण भाडे तिने कधी थकवले नाही. ‘एवढे भाडे भरतेस, त्यात घराचा हप्ता नसता का गेला?’ असे मी नुकत्याच मिळालेल्या बी.ए.च्या ऐटीत तिला एकदा विचारले. मान वर न करता ती म्हणाली, ‘हप्ता बाद में, बेटा. पहले का पैसा कां है?’

गरिबाचे घर नेहमी या ‘पहले का पैसा’पाशी अडले आहे.

भारत सरकारने १९५४ साली अल्प उत्पन्न गटासाठी गृहयोजना आणली. घराच्या खर्चाच्या ८० टक्क्यांपर्यंत, जास्तीत जास्त ८ हजार रुपये कर्ज मिळे. पगारदार माणसाला ही सोय मोठी होती. पण उरलेले २० टक्के ज्याचे त्याने आणायचे! विडीच्या मजुरीवर जगणाऱ्या बाईकडे एकरकमी पैसा येतो कधी? भिशी लागली तर, किंवा दागिना मोडला तर.

विडी कामगारांसाठी वेगळा रस्ता निघाला तो १९७६ साली. संसदेने दोन कायदे केले. एकाने विडीवर उपकर बसवला, दुसऱ्याने त्या उपकरातून कल्याण निधी उभा केला. दवाखाने, मुलांच्या शिष्यवृत्त्या आणि घरासाठी अनुदान या निधीतून मिळू लागले. म्हणजे बाईने हजार विड्या वळल्या की काही नाणी सरकारी पेटीत पडत. पुढे त्यातलेच पैसे अनुदान म्हणून तिच्या दारी आले, तेव्हा काही लोक म्हणाले, ‘फुकटात घरे वाटली.’ मला त्या वेळी फार राग आला होता. अजूनही येतो.

ही घरे कुंभारीची. सोलापूरहून अक्कलकोटला जाताना हे गाव लागते. सिटूचे नेते नरसय्या आडम मास्तर यांनी विडी कामगार बायकांना घेऊन वर्षानुवर्षे मोर्चे काढले, मुंबई-दिल्लीच्या खेपा घातल्या, आणि तिथल्या माळावर १० हजार घरे उभी राहिली. १ सप्टेंबर २००६ रोजी पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग यांच्या हस्ते त्यांचे लोकार्पण झाले. वारल्यांच्या लढ्यातल्या गोदावरी परुळेकर यांचे नाव वसाहतीला दिले. हिशेब साधा होता. घर ६० हजारांचे. २० हजार केंद्राचे, २० हजार राज्याचे, २० हजार बाईचे.

त्या शेवटच्या वीस हजारांची गोष्ट कुठल्याच सरकारी कागदात सापडायची नाही. खालाची भिशी दोनदा लागली. चांदीचे तोडे गेले. मामूंनी थोडे दिले. व्याजाचा पैसा घ्यायचा नाही, हा तिचा दंडक होता, त्यामुळे सावकाराची पायरी चढायचा प्रश्नच नव्हता. अनुदान म्हणजे कर्ज नव्हे, एवढे मी तिला तीन वेळा समजावले तेव्हा कुठे तिने अर्जावर अंगठा उठवला. घरातला शिकलेला म्हणून अर्ज भरण्याचे काम माझ्याकडे होते. मदत माझी तेवढीच. कवितेच्या मानधनातून वीट मिळत नाही, वीट येतो.

कुंभारीतच पुढे रे नगर उभे राहिले. ३० हजार घरांची ही वसाहत विडी, यंत्रमाग, बांधकाम अशा नाना कामांतल्या मजुरांसाठी. १९ जानेवारी २०२४ रोजी त्यातल्या १५ हजार घरांचा ताबा पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते देण्यात आला. इथे पंतप्रधान आवास योजनेतून केंद्राचे दीड लाख आणि राज्याचा एक लाख. आकडा मोठा दिसतो, पण दरम्यान सिमेंट, सळई, मजुरी कुठल्या कुठे गेली. मजुराचा वाटाही हजारांतून लाखांत गेला. तो भिशीतून निघत नाही, त्यासाठी बँकेच्या दारात उभे राहावे लागते. आणि २०१७ साली जीएसटी आला तेव्हा विडीवरचा तो जुना उपकरच रद्द झाला. बाईच्या विडीतून तिच्याच घरासाठी नाणे पडणारी पेटी बंद झाली. याची चर्चा व्हायला हवी होती तेवढी झाली नाही, असे मला वाटते.

खाला कुंभारीला गेली ती सूप, एक ट्रंक आणि दोन पातेली घेऊन. कागदावर तिचे स्वतःचे नाव होते. ते तिने माझ्याकडून पुन्हा पुन्हा वाचून घेतले. पहिल्या महिन्यात एक तारखेला मी भेटायला गेलो, तर सवयीने भाड्याचे पैसे रुमालात बांधून कोनाड्यात ठेवलेले. दुपार झाली, कुणी मागायला आले नाही. तिने रुमाल हातात घेतला आणि मला विचारले, ‘अब ये किसकू देना रे?’

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)